चंदगडपाशी थांबलेली फाइल : विंडोज पोर्टच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

विंडोज पोर्टचं, म्हणजे लिनक्सवरचा प्रोग्राम विंडोजवर चालता करायचं, काम आज हातात घेतलं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीसाठी आम्ही लिनक्सवर लिहिलेला 'सी'मधला प्रोग्राम आहे. शेतकऱ्याची आवक, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, सौद्याचा दर, शेवटी हिशेबपट्टी. अडतीतलं लिनक्सचं एकुलतं एक मशीन आता थकलंय, आणि नवीन जे काही येतं ते विंडोजच असतं. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रोग्राम विंडोजवर बसला तर सवय व्हायला वेळ मिळेल, असं आण्णांचं म्हणणं. अडत त्यांची आहे.

कामाला आम्ही दोघंच, मी आणि नवीन रुजू झालेली एक मुलगी. ती मला दादा म्हणते. फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारी ओडी आणि दोन फाइली ताडून फरक असेल तरच बोलणारी सीएमपी, या दोन जुन्या कमांडी तिच्या हातात अशा बसल्यात की या नोंदींतले अर्धे शोध तिचेच आहेत.

पहिल्याच दिवशी सिग्विनमध्ये कंपाइल केलं. तासाभरात प्रोग्राम उभा राहिला, सगळ्या चाचण्या पास. राजारामपुरीतून घरी निघताना वाटलं, आठवड्याचं काम आहे.

६ ऑगस्ट

सिग्विनचा निकाल ग्राह्य धरता येत नाही. तो प्रकल्प १९९५ पासून विंडोजच्या पोटात युनिक्सचं वातावरण तयार करून देतो. फाइलीसुद्धा तो युनिक्ससारख्याच, बाइट जसेच्या तसे, हाताळतो. अडतीत त्याची वेगळी डीएलएल (लायब्ररीची फाइल) वागवायची नाही असं ठरलंय, म्हणून आज मिनजीडब्ल्यू या कंपायलरनं थेट विंडोजचा प्रोग्राम बनवला. फोर्कची एक जागा आणि सिग्नलच्या दोन बदलाव्या लागल्या. ते किरकोळ.

मग आवक भरायचा पडदा उघडला. तालुक्याची यादी पाहिली तर आजरा, करवीर, कागल, गगनबावडा, गडहिंग्लज. बस्स. जिल्ह्यात १२ तालुके, यादीत पाचच. चूक म्हणून संदेश नाही, प्रोग्राम कोसळला नाही, काही नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती अशाच चुकांची वाटते. पन्हाळ्याचा शेतकरी आला की कारकून 'इतर'मध्ये टाकेल आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही.

७ ऑगस्ट

सकाळी अकराच्या सुमाराला सापडलं. सविस्तर लिहून ठेवतो.

तालुक्यांची यादी अडतीतूनच आलेली आहे. नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणून सेव्ह केलेली, म्हणजे यूटीएफ-१६, मराठीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला दोन बाइट, त्यातला धाकटा आधी. ओळीला एक नाव, अकारविल्हे. आमचा प्रोग्राम ती फाइल बाइट-बाइट वाचतो आणि आपली आपण यूटीएफ-८ करून घेतो. लिनक्सवर चार वर्षं बिनतक्रार चाललंय.

फाइल २०६ बाइटांची. विंडोजवर एफ-रीड या वाचायच्या फंक्शननं हातात दिले ८२, आणि वर सांगितलं की फाइल संपली. मुलीनं ओडी लावून त्र्याऐंशीवा बाइट काढला. तो निघाला २६. त्याच्या पुढचा ९.

२६ आणि ९ मिळून होतो 'च'. चंदगडचा च.

देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा यूटीएफ-१६मधला थोरला बाइट ९ असतो आणि धाकटा बदलतो. च चा धाकटा बाइट २६. हा २६ म्हणजे कंट्रोल-झेड. विंडोजचं सी रनटाइम, म्हणजे सी प्रोग्रामसोबत चालणारी तयार लायब्ररी, टेक्स्ट मोडमध्ये फाइल वाचताना कंट्रोल-झेड दिसला की फाइल इथंच संपली असं मानतं, पुढं कितीही मजकूर असो. आणि मोड सांगितला नाही तर रनटाइम टेक्स्ट मोडच धरतं. आम्ही फाइल उघडणाऱ्या एफ-ओपनला नुसतं 'आर' दिलेलं होतं. 'आरबी' केलं, बाराही तालुके आले.

एका अक्षराचा बदल आहे. पण त्या अक्षराचा अर्थ दोघांनाही नीट कळेपर्यंत बाकीच्या कोडला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं.

ती म्हणाली, "दादा, यादीत चंदगड शेवटी असतं तर आपल्याला कळलंच नसतं." खरं आहे. शेवटी असतं तर एकच तालुका गेला असता, आणि तोही जिल्ह्याच्या टोकाचा.

९ ऑगस्ट

पाऊस लागून राहिलाय. चहाच्या गाड्यावर जो तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतोय. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं पोराबाळांना पाठ असतं. ऑफिसात बसून मागचा इतिहास तिला समजावला, इथंही टिपतो.

ओळ संपली हे लिहायच्या दोन रीती आहेत. युनिक्समध्ये एक बाइट, १०, म्हणजे लाइन फीड. डॉस आणि विंडोजमध्ये दोन, १३ आणि १०, म्हणजे कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड. आत्याचा टायपिंगचा क्लास होता, म्हणून मला हे लहानपणापासून डोळ्यांनी दिसतं. टाइपरायटरचा दांडा ओढला की दोन कामं होतात. रूळ एक ओळ वर सरकतो आणि गाडी, म्हणजे कॅरेज, उजवीकडे मागं जाते. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते. डॉसकडे ही जोडी सीपीएम या त्याच्या आधीच्या सिस्टिमकडून आली. युनिक्सनं आपल्या आधीच्या मल्टिक्स या सिस्टिमची रीत उचलली, फाइलीत एकच संकेत ठेवायचा आणि दुसरा टर्मिनलला पाठवताना लावायचा.

कंट्रोल-झेडसुद्धा सीपीएमचाच. ती सिस्टिम फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजायची. मजकूर ठोकळ्याच्या मध्येच संपला तर नेमका कुठं संपला हे कळायला खूण लागायची, ती २६. डॉसनं फाइलीची लांबी बाइटात ठेवली, म्हणजे खुणेची गरजच उरली नाही. तरी जुन्या फाइली वाचता याव्यात म्हणून ती राहिली, आणि सीच्या रनटाइममध्ये आजही आहे.

१९८९च्या सी प्रमाणानं या भांडणाला नाव दिलं, टेक्स्ट स्ट्रीम आणि बायनरी स्ट्रीम. एफ-ओपनच्या मोडमध्ये 'बी' लिहिलं तर बाइटांना हात लावायचा नाही. नाही लिहिलं तर यंत्रणेच्या रीतीनुसार अदलाबदल करायची मोकळीक. पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्सांच्या सामाईक प्रमाणात, त्या 'बी'चा काहीही परिणाम होत नाही. म्हणून युनिक्सवर वाढलेला माणूस तो लिहीतच नाही. त्याला कुणी कधी विचारलेलंच नसतं की ही फाइल मजकुराची की बाइटांची. पोर्ट करणं म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक फाइलीसाठी आता देणं. मला हे काम असंच दिसतं.

पीएनजी चित्राच्या फाइलीचे पहिले आठ बाइट तिला फळ्यावर लिहून दाखवले: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले तीन म्हणजे पीएनजी ही अक्षरं. १३-१० ही जोडी कुणी मोडली तर लगेच कळतं. २६मुळे डॉसमध्ये फाइल पडद्यावर ओतली तरी तिथंच थांबते. शेवटच्या एकट्या १०च्या मागं १३ चिकटला तर तेही कळतं. १३७ हा १२७च्या वरचा, म्हणजे सात बिटांच्या वाटेनं फाइल गेली तर तोच आधी बिघडतो. आठ बाइटांत इतका विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

११ ऑगस्ट

कोडमध्ये फाइल उघडायच्या जागा मोजल्या. एफ-ओपन ३४, ओपन ७, पीओपन (दुसऱ्या प्रोग्रामशी पाइप जोडणारं) ३. एकूण ४४.

ती म्हणाली, रनटाइममध्ये एफमोड नावाचा जागतिक चल आहे, त्यात एकदा बायनरी टाकला की सगळ्या फाइली बायनरी. ४४ जागा कशाला बदलायच्या? सूचना चुकीची नाही. मी तरी नको म्हणालो. कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला वाद परत घालावा लागणार नाही.

त्या चलाचा स्टँडर्ड इनपुट, आउटपुटशी संबंध नाही, ते वेगळेच सांगावे लागतात. शिवाय विंडोजवर एका प्रोसेसमध्ये रनटाइमच्या दोन प्रती असू शकतात. आमचं कोड उद्या कुणी डीएलएल म्हणून घेतलं तर तो चल कुणाचा आणि लागू कुणाला, हा गोंधळ होतो. पण खरं कारण असं की मग निर्णय फाइलीपाशी दिसत नाही. कोड वाचणाऱ्याला एफ-ओपनची ओळ दिसते, कुठंतरी दुसरीकडे बसलेला चल दिसत नाही.

ठरलं ते असं. प्रत्येक जागी 'बी' लिहायचा, मजकुराच्या फाइलींनासुद्धा. १३-१०ची अदलाबदल रनटाइमवर सोडायची नाही. ओळ वाचणारं एकच फंक्शन ठेवायचं, त्यानं ओळीच्या शेवटचा १३ असला तर काढायचा, नसला तर गप्प राहायचं. माणसानं उघडून वाचायची फाइल, म्हणजे हिशेबपट्टी, तेवढी विंडोजवर आम्ही स्वतः १३-१० लावून लिहायची. नोटपॅडला २०१८ पासून नुसता १० कळतो. पण यार्डातली सगळी मशीनं तेवढी नवीन नाहीत, आणि जुन्या नोटपॅडमध्ये अख्खी पट्टी एका ओळीत दिसली तर आण्णा ती शेतकऱ्याला कशी देणार?

ओपनसाठी ओ-बायनरी हा झेंडा पॉसिक्समध्ये नाही. तो नसेल तिथं त्याची किंमत ० धरायची. मग तीच ओळ दोन्हीकडे चालते.

१२ ऑगस्ट

लिहिण्याच्या बाजूचा बग आज दिसला, आणि हा तर आपल्या मातीतलाच निघाला.

आवकेच्या शेऱ्यांची फाइल प्रोग्राम यूटीएफ-१६मध्ये लिहून परत देतो, कारण अडतीतला दुसरा एक जुना प्रोग्राम तसलीच घेतो. विंडोजवर लिहिलेली फाइल उघडली तर दोन-दोन शेरे एका ओळीत चिकटलेले. त्यातला पहिला स्वच्छ मराठी, दुसरा चिनीसारखा. त्या चिनीत जागोजाग ब्रेलचे ठिपके. पण एका चिनी शेऱ्यात मधूनच मराठी सुरू झालं होतं, आणि ते सुरू झालं 'ऊस' या शब्दापासून.

टेक्स्ट मोडमध्ये लिहिताना रनटाइम प्रत्येक १०च्या मागं १३ घालतं. यूटीएफ-१६मध्ये ओळीचा शेवट म्हणजे १० आणि ०, त्याचे होतात १३, १०, ०. एक बाइट जास्त झाला की पुढच्या सगळ्या जोड्या एकानं सरकतात. आधीच्या अक्षराचा ९ पुढच्या अक्षराच्या धाकट्या बाइटाला जाऊन मिळतो. काना, वेलांटी, मात्रा सगळ्या चिनी चिन्हांच्या घरात जाऊन पडतात, आणि 'न' ब्रेलमध्ये. पुढचा १० आला की आणखी एक बाइट वाढतो आणि जोड्या परत जुळतात. म्हणून एक आड एक.

आणि ऊ? ऊ चे दोन बाइट १० आणि ९. म्हणजे ऊस लिहिला की तिथंही एक १३ घुसतो. सरळ मजकूर सरकतो आणि सरकलेला सरळ होतो. कोल्हापुरात शेतमालाचा प्रोग्राम लिहायचा आणि ऊस शब्द टाळायचा हे शक्य नाही. ऍ चा धाकटा बाइट १३ आहे, तोही या वाटेवर उभा आहे.

यूटीएफ-८मध्ये हे होत नाही, हे मुद्दाम लिहितो. तिथं देवनागरी अक्षराला तीन बाइट, आणि तिन्ही १२७च्या वरचे. ऊ म्हणजे २२४, १६४, १३८. त्यात १०, १३, २६ येऊच शकत नाहीत. आमचा बाकीचा मजकूर यूटीएफ-८मध्ये आहे म्हणून इतके दिवस निभावलं.

१४ ऑगस्ट

आज माझ्या चाचण्यांवरचा माझाच विश्वास उडाला, आणि ते बरं झालं.

आवकेची मुख्य फाइल ६४ बाइटांच्या ठरावीक नोंदींची आहे. अनुक्रमांक, रवे, वजन, दर हे आकडे जसे मेमरीत तसेच फाइलीत. तिला अजून 'बी' लावलेला नव्हता, तरी तिची चाचणी पास होत होती. २० नोंदी लिहायच्या, बंद करायची, उघडून क्रमानं वाचायच्या, ताडून पाहायच्या. चाचणीच्या नोंदींत अनुक्रमांक सोडून बाकी सगळे रकाने शून्य.

मुलीनं फाइलीची लांबी पाहिली. २० गुणिले ६४ म्हणजे १२८० हवेत, होते १२८१. दहाव्या नोंदीतल्या १०मागं १३ घुसला होता. वाचताना रनटाइमनं १३-१० दिसल्यावर तो १३ काढून टाकला, म्हणून ताळा जमला. लिहितानाची चूक वाचतानाच्या चुकीनं झाकली. क्रमानं वाचत गेलं तर हे कायम जमतं. पण एफ-सीकनं थेट अकराव्या नोंदीवर उडी मारली की एक बाइट अलीकडे पडतो. आणि अनुक्रमांक २६ला वाचन संपतंच. आमची चाचणी २०वर थांबत होती. सहा नोंदी जास्त घेतल्या असत्या तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं.

खऱ्या फाइलीत हे अनुक्रमांकापुरतं राहणार नाही. कुणी २६ रवे आणले की त्या नोंदीच्या मध्येच फाइल संपणार.

चाचण्या नव्यानं लिहिल्या. आता प्रत्येक चाचणीच्या फाइलीत ० ते २५५ सगळे बाइट एकदा क्रमानं, एकदा उलटे, आणि १३-१०, १०-१३, १३-१३-१०, २६ या जोड्या मुद्दाम. लिहिल्यावर लांबी मोजायची. दोन नोंदींवर उडी मारून वाचायची. शिवाय लिनक्सवर तयार केलेली फाइल विंडोजवर आणि विंडोजवरची लिनक्सवर वाचून दाखवायची. एकाच प्रोग्रामनं लिहिलेलं त्यानंच वाचलं म्हणजे पुरावा झाला, असं मी यापुढं धरणार नाही.

पीएनजीवरून धडा घेऊन मुख्य फाइलीला आठ बाइटांचा मथळा लावला, त्यात १३, १०, २६, १० आहेतच. उघडताना तो जुळला नाही तर प्रोग्राम फाइलीला हात न लावता सांगतो की ही कुणीतरी मजकूर समजून हलवली आहे. वीस ओळींचं कोड.

१८ ऑगस्ट

मथळ्याचा उपयोग चारच दिवसांत कळला, पण दुसऱ्या फाइलीवर, जिला तो नव्हता.

जुनी खतावणी साध्या मजकुराची आहे. ओळीला एक नोंद, शेवटी वजन. सोबत सूचीची फाइल, तिच्यात प्रत्येक ओळ कितव्या बाइटापासून सुरू होते ते एफ-टेलनं घेऊन ठेवलेलं. यार्डातल्या मशीनवरून ती जोडी एका माणसानं एफटीपीनं आमच्याकडे पाठवली. एफटीपीत मजकूर आणि बायनरी असे दोन प्रकार असतात, आणि १९८५च्या आरएफसी ९५९प्रमाणे न सांगता मिळतो तो मजकूर प्रकार. वाटेत खतावणीच्या प्रत्येक ओळीला एक १३ चिकटला. सूचीतले आकडे मात्र जुन्याच फाइलीचे.

पहिली नोंद बरोबर. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. चौथीत मागच्या वजनाचा नुसता शेवटचा अंक. पाचव्यात शेवटचे दोन. अशी चूक एकदा ओळखायला शिकलं की ती लांबूनच दिसते. ओळीगणिक एक बाइट वाढत जाणारी घसरण म्हणजे लाइन एंडिंग. पाचशेव्या ओळीला ४९९ बाइट.

दुरुस्ती दोन भागांत. फाइली आता झिपमध्येच यायच्या. आणि सूची दुसऱ्या मशीनवरून आणायचीच नाही, आल्यावर नव्यानं बनवायची. टेक्स्ट मोडमध्ये एफ-टेलचा आकडा त्याच फाइलीवर एफ-सीकला परत देण्यापुरताच खरा, त्याच्यात बेरीज-वजाबाकी करायची नाही, हे सी प्रमाणातच आहे. आम्ही तो दोन ओळींमधलं अंतर काढायला वापरला होता. ती जागाही बदलली. सगळं बायनरी झाल्यामुळे तो आकडा आता खराच बाइटांचा आहे.

२१ ऑगस्ट

स्टँडर्ड आउटपुट. प्रोग्राम रोजचा गोषवारा आउटपुटवर ओततो आणि तो पाइपमधून फाइल दाबणाऱ्या जीझिपकडे जातो. विंडोजवर दाबलेली फाइल उघडते, पण आतल्या मजकुराचा ताळा लिनक्सशी जुळत नाही. कारण उघड आहे. स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट आम्ही उघडतच नाही, ते उघडलेलेच मिळतात, आणि टेक्स्ट मोडमध्ये मिळतात. मेनच्या सुरुवातीला, पहिला बाइट लिहायच्या आधी, सेटमोडनं दोन्ही बायनरी केले. समोर पडदा-कीबोर्ड असेल तर हात लावायचा नाही, फाइल किंवा पाइप असेल तरच.

पीओपनच्या तीन जागांना विंडोजवर 'आरबी' आणि 'डब्ल्यूबी' द्यावं लागतं. काही युनिक्सांना मात्र पीओपनमध्ये तो 'बी' चालत नाही, म्हणून तिथं वेगळा मॅक्रो केला. टीएमपीफाइल मुळातच बायनरी उघडते, ती सोडून दिली.

संध्याकाळपर्यंत तरी एका ठिकाणी ताळा चुकतच होता. दोष आमच्या कोडचा नव्हता. विंडोजच्या पॉवरशेल या कमांडी द्यायच्या खिडकीत, ५.१ आवृत्तीत, बाणाच्या खुणेनं आउटपुट फाइलीत वळवलं की पॉवरशेल ते मजकूर म्हणून वाचतं आणि यूटीएफ-१६मध्ये नव्यानं लिहितं. ७.४ पासून बाइट जसेच्या तसे जातात. अडतीत कुठली आवृत्ती असेल यावर विसंबायचं नाही, म्हणून प्रोग्रामलाच फाइलीचं नाव द्यायची सोय केली. आता तो स्वतः उघडतो, स्वतः लिहितो.

२५ ऑगस्ट

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्या विंडोज मशीनवर तिचं ऑटोसीआरएलएफ, ओळींचे शेवट आपोआप बदलणारं सेटिंग, चालू होतं. चाचणीच्या अपेक्षित उत्तरांच्या फाइली चेकआउट होतानाच १३-१०च्या झाल्या आणि ताळे चुकले. उलट तिनं विंडोजवर बनवलेली एक शेल स्क्रिप्ट झिपमधून लिनक्सवर गेली आणि तिथं चालेना. पहिल्या ओळीत बिन-एसएचच्या पुढं अदृश्य १३ होता, त्या नावाचा इंटरप्रिटर कुठून सापडणार? गिटॅट्रिब्यूट्स फाइल घातली. स्क्रिप्टना कायम १०, चाचणीच्या फाइली बायनरी, बाकी आपोआप. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

२८ ऑगस्ट

उरलेल्या जागा संपवल्या. एक लक्षात ठेवण्यासारखी. लॉगची फाइल आम्ही 'ए प्लस'नं, म्हणजे वाचायला आणि शेवटी भर घालायला, उघडत होतो. विंडोजचं रनटाइम अशी फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडताना शेवटी कंट्रोल-झेड आहे का बघतं आणि असेल तर काढून टाकतं. नुसतं उघडल्यानं फाइल बदलते. 'बी' लावला.

२ सप्टेंबर

यार्डात बसवायला गेलो. आण्णांनी आधी तालुक्यांची यादी उघडायला लावली, बोट लावून मोजली. "बारा. आता बरं दिसतंय की. मागल्या बारीला पाचच दिसत हुतं, म्हटलं बाकीचं जिल्हं सोडून गेलं का काय."

मग वजनकाटा जोडला आणि अडलं. काट्याचा पोर्ट उघडेना. चूक सांगणारा संदेशही धड दिसेना, ओळीचा पुढचा भाग गायब आणि मागचा त्याच्या जागी. पोराटोरांची गर्दी जमली, काटा रिकामा, एक ट्रॉली बाहेर उभी. मुलीनं तो संदेश पाहिला आणि म्हणाली, "दादा, हा तेरा आहे." गाडी मागं गेली आणि पुढचा मजकूर आधीच्यावर छापला गेला, टाइपरायटरवर होतं तसंच.

काट्याच्या सेटिंगची फाइल कारकुनानं सकाळी नोटपॅडमध्ये दुरुस्त केली होती. पोर्टच्या नावामागं १३. ओळ वाचणाऱ्या फंक्शननं तो काढायला हवा होता. पण ही फाइल त्या फंक्शनमधून जातच नव्हती. कुणीतरी, बहुधा मीच, चार वर्षांपूर्वी तिथं थेट सीचं ओळ वाचायचं फंक्शन, एफ-गेट्स, वापरलं होतं. टेक्स्ट मोडमध्ये असताना रनटाइम तो १३ गुपचूप काढत होतं. 'बी' लावून मी ती मदत काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिलं नाही. ४४ जागा मोजल्या, त्यातल्या प्रत्येकीच्या पुढं वाचन कोण करतं हे मोजलं नव्हतं.

तिथंच दुरुस्त केलं, ट्रॉली वजनाला लागली. आण्णांनी चहा मागवला. वेळ गेल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. "असू दे," म्हणाले, "पाडव्याला झालं असतं तर बोललो असतो."

३ सप्टेंबर

एफ-गेट्सच्या सगळ्या जागा शोधल्या. आणखी दोन निघाल्या, दोन्ही ओळ वाचणाऱ्या फंक्शनकडे वळवल्या. त्याच फंक्शनमध्ये फाइलीच्या सुरुवातीचे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट दिसले तर ओलांडायची सोय केली. नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या डोक्याशी ती खूण लावू शकतं, आणि मग पहिल्या सेटिंगचं नाव जुळत नाही.

५ सप्टेंबर

सगळे बदल लिनक्सच्या मूळ शाखेत मिसळले. जागोजाग इफ-डेफ, म्हणजे यंत्रणेनुसार कोड वेगळं करणारी अट, न लावता ४४पैकी ४१ जागा दोन्हीकडे त्याच ओळीनं चालतात, पीओपनच्या तीन सोडून. लिनक्सवर जुन्या चाचण्या पास, नव्याही पास. यार्डातल्या जुन्या मशीनची मुख्य फाइल झिपमधून आणली, मथळा लावून विंडोजवर उघडली आणि दोन्हीकडून निघालेल्या हिशेबपट्ट्या १३ काढून ताडल्या. सीएमपीनं काही छापलं नाही.

मुलीनं चाचणीच्या फाइलींत एक ओळ स्वतःहून घातली आहे, यूटीएफ-१६मध्ये: 'चंदगडचा ऊस'. ती तशीच ठेवतो.